रुमालातल्या किल्ल्या

दाक्षायणी आत्या किल्ल्या रुमालात बांधायची. घरात किल्ल्या तीनच होत्या. एक खालच्या दाराची, एक वरच्या खोल्यांची, एक कपाटाची. सकाळी दूध घेऊन वर आली, की ती कुलूप काढायची, किल्ल्या निळ्या चौकड्यांच्या रुमालावर ठेवायची, चारही टोकं जवळ घेऊन गाठ मारायची आणि ती पुरचुंडी चहाच्या डब्यामागं सरकवायची. बाहेर जाताना गाठ सोडायची, हवी ती किल्ली तेवढी बाहेर काढायची, बाकीच्या मुठीत दाबून धरायची. शुक्रवार पेठेतला तो जिना ती दिवसातून चार वेळा तरी चढायची-उतरायची. एक दिवस सोडला, तर दीड वर्षात मी तिच्या किल्ल्यांचा आवाज ऐकला नाही.

मला आधी वाटलं, गंज लागू नये म्हणून असेल. विचारलं तर म्हणाली, "सवय हाय." आणि पुन्हा पालक निवडायला लागली.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं अक्कलकोटला किराणा दुकान आहे. मी एम.ए.साठी सोलापूरला आले तेव्हा वडील म्हणाले, हॉस्टेल कशाला, अक्का एकटीच तर आहे. ती तेव्हा साठीची होती. अंगानं सडसडीत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग ठेवायची चांदीची डबी, करडी. बोलणं थोडं. दोन खोल्या, त्यातल्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली एक लाकडी पेटी, आणि पेटीत दोन गिनीपिग.

पेटी आंब्याच्या दोन खोक्यांच्या फळ्यांपासून केलेली होती. एका बाजूला जाळी, तळाला जुन्या वर्तमानपत्रांचे थर, त्यावर गवत, कोपऱ्यात फुटक्या माठाचा अर्धा भाग उपडा ठेवलेला. त्याखाली दोघी लपायच्या. एक पांढरी, एक पांढऱ्यावर तपकिरी छटा असलेली. पांढरीचं नाव तल्ली, दुसरीचं बेन्नी. कन्नडमध्ये तले म्हणजे डोकं आणि बेन्नु म्हणजे पाठ. अशी नावं का ठेवली, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आत्याचा दिवस त्या दोघींवर बेतलेला होता. सकाळी उठल्याबरोबर ती पेटीतला कागद बाहेर काढायची आणि खिडकीच्या उजेडात धरून लेंड्या बघायची. किती आहेत, कोरड्या आहेत का, सगळ्या एका आकाराच्या आहेत का. मग अंघोळ, लिंगपूजा. त्यानंतर त्यांचं खाणं, आणि त्याच्याही नंतर आमचा चहा. ढबू मिरचीची बोटाएवढी फोड प्रत्येकीला एक, कोथिंबिरीच्या चार काड्या, पेरू असला तर साल. "माणसावानीच असतंय ह्यांचं," ती म्हणायची. "आंबट-तुरट पोटात गेलं न्हाय, की हिरड्या सुजत्यात. सांदे धरत्यात." भाजी धुऊन फडक्यावर पसरून वाळवल्याशिवाय ती घालत नसे. मे महिन्यात खोली भट्टीसारखी तापायची, तेव्हा पेटीवर ओलं तरट आणि आत पाण्याची गोठवलेली बाटली, जुन्या पोलक्यात गुंडाळलेली. दोघी तिला चिकटून आडव्या पडायच्या. महिन्यातून एकदा नखं काढणं. एका हातानं उलटं धरून दुसऱ्या हातानं टक, टक. तल्लीला कळायच्या आत चारही पाय झालेले असायचे. अशी सराईत बोटं मी फक्त बाजारात भाजीच्या जुड्या बांधणाऱ्या बायकांची पाहिली आहेत.

फ्रिजचं दार उघडलं, की दोघी शीळ घालायच्या. बारीक, वर चढत जाणारी शीळ. खालच्या मजल्यावरच्या सिद्धम्मा काकू ती ऐकून जिन्यातून ओरडायच्या, "दाक्षायणी, तुझ्या कुकरची शिट्टी झाली बघ."

सिद्धम्मा काकूंना त्या प्राण्यांचा राग नव्हता, पण बोलल्याशिवाय राहवायचं नाही. "शेपूट गळलेलं उंदीर ते. पूजेच्या घरात कशाला ठेवतीस गं?"

"उंदीर चोरून खातोय, काकू. ह्या मागून खात्यात."

"मागून खायला माझी सून पण हाय की घरात. तिला ठेवून घे."

आत्या हसायची नाही. पण वाटीभर शेंगाचटणी घेतल्याशिवाय सिद्धम्मा काकूंना खाली जाऊ द्यायची नाही.

गवत आणायला ती दर चार दिवसांनी दहाच्या सुमाराला वैरणीच्या अड्ड्यावर जायची. तिथं म्हशीवाले, शेळीवाले मोटारसायकलीला पेंढ्या बांधून नेतात. बिरुदेव नावाचा एक माणूस तिला लसूण घासाची एक पेंढी काढून ठेवायचा. लसूण घास म्हणजे दुभत्या जनावराला घालायचा पौष्टिक हिरवा चारा, गोठ्यातला सगळ्यात चांगला. एकदा मीही बरोबर गेले होते.

"अक्का, एक पेंढी चार दिवस पुरवताय," बिरुदेव म्हणाला. "तुमची म्हस लईच बारीक खाती. दूध किती देती?"

"नासलेलं देती. तू पेंढी बांध."

"एकदा बघाया यीन म्हणतो म्हशीला."

"ये की. जिना चढून वर यावं लागतंय."

तो बराच वेळ हसत होता. आत्यानं पेंढीतला एक देठ मोडून बघितला, हुंगला, आणि पिशवीत टाकला.

तल्ली आणि बेन्नी कुठून आल्या, हे तिनं मला एका दिवसात सांगितलं नाही. संध्याकाळी आम्ही दोघी गवत निवडत बसायचो. पिवळं पान, काटा, प्लॅस्टिकचा तुकडा बाजूला काढायचा. हात चालू असले, की ती मधूनच एखादं वाक्य बोलायची, आणि मग दोन दिवस काही नाही. मी ती वाक्यं जोडत गेले.

आत्याचे यजमान शरणबसव मामा एका फार्मसी कॉलेजात शिपाई होते. कॉलेजच्या मागच्या बाजूला पत्र्याचं छप्पर असलेली एक लांब खोली होती. तिला सगळे ॲनिमल हाउस म्हणायचे. तिथं उंदीर, ससे आणि गिनीपिग असायचे, मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी. मामा त्यांचं खाणंपिणं बघायचे. आत्या अठ्ठावीस वर्षांची असताना मामा काविळीनं गेले. मूल नव्हतं. कॉलेजनं त्यांच्या जागी आत्याला घेतलं. पहिल्या दिवशी हेडक्लार्कनं टेबलाच्या खणातून एक रुमाल काढून तिच्या हातात दिला. आत किल्ल्या होत्या. रुमाल मामांचा होता, तिनंच कधीतरी घेतलेला.

"मला वाटलं, ह्यांची टापटीप," आत्या म्हणाली. "मी किल्ल्या काढून घेतल्या आन् रुमाल घरी आणून धुतला."

ॲनिमल हाउसमधले गिनीपिग किल्ल्यांचा आवाज ओळखायचे. सकाळी कुलूप उघडलं, की चाळीस-पन्नास जनावरं एकदम शीळ घालायची, कारण किल्ल्यांमागून गवत यायचं. आत्याला पहिले आठ-दहा दिवस ते आवडलं. एवढ्या जणांनी आपली वाट बघावी, असं तिच्या आयुष्यात पूर्वी काही झालेलं नव्हतं. हे 'आवडलं' मी म्हणते. ती म्हणाली होती, "कान भरून जायचं."

मग एका दुपारी सरांची चिठ्ठी आली. उद्या प्रॅक्टिकल, अमुक पिंजऱ्यातले चार. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी जनावर उपाशी ठेवायचं असतं. पाणी ठेवायचं, बाकी सगळं काढायचं. पिंजऱ्याला खडूनं 'उपाशी' लिहिलेली पाटी अडकवायची आणि प्रत्येकाला खूण म्हणून पिवळा रंग लावायचा. एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या मागच्या पायावर, एकाला काहीच नाही. आत्यानं सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. संध्याकाळी पाच वाजता कुलूप लावायला गेली आणि किल्ल्या वाजल्या. ते चौघं जाळीला तोंड लावून शीळ घालायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता प्रयोगशाळेतून बादली खाली आली. कॉलेजच्या कुंपणाशी खड्डा होता.

तिसऱ्या दिवशी तिनं रुमाल परत कामावर नेला आणि किल्ल्या बांधल्या.

"मामांनी तुला कधी सांगितलं नव्हतं?" मी विचारलं.

"काय सांगायचं?"

"रुमाल कशासाठी ते."

तिनं एक पिवळं पान काढून बाजूला ठेवलं. "ते घरी येऊन कामाचं बोलत नव्हते."

"तुला वाईट वाटायचं का?"

"पहिल्या वर्षी वाटलं आसंल." तिनं गवताची दुसरी मूठ पुढं ओढली. "आता आठवत न्हाय बघ."

तीस वर्षं तिनं ते काम केलं. पुढंपुढं मुलांच्या हातचं जनावर गेलं, प्रॅक्टिकल कॉम्प्युटरवर आलं, पिंजरे एकेक करून रिकामे झाले. तिच्या निवृत्तीच्या वर्षी कॉलेजनं ॲनिमल हाउस बंदच करायचं ठरवलं. शेवटच्या दोन माद्या उरल्या होत्या. कोणत्यातरी संशोधनासाठी आणलेल्या. ते संशोधन झालंच नाही, पण खूण करून ठेवलेली होती. एकीच्या डोक्यावर पिवळं, दुसरीच्या पाठीवर. आत्यानं प्राचार्यांकडं अर्ज केला. शिक्क्याचा कागद मिळाला, आणि ती दोघींना सलाइनच्या बाटल्यांच्या खोक्यात घालून रिक्षानं घरी घेऊन आली. सेवानिवृत्तीचा नारळ आणि शाल त्याच खोक्यावर ठेवून. काही महिन्यांत केस नवे आले, पिवळा रंग गेला. नावं तेवढी राहिली.

त्या दिवशी तिनं एक गोष्ट ठरवली होती. ती मला सिद्धम्मा काकूंनी सांगितली, कारण आत्या त्यांच्यासमोर पेटीवर हात ठेवून बोलली होती. ह्या घरात जनावराचं भांडं रिकामं राहणार नाही. "मी म्हटलं, तुझं स्वतःचं भांडं बघ आधी," सिद्धम्मा काकू म्हणाल्या. "सोमवार करतीस, शिवरात्र करतीस, एकादशी आमची नसून पण करतीस." पण मी पाहिलं आहे. दीड वर्षात त्या पेटीतलं गवत कधी संपलं नाही. आत्या कुठं लग्नाला गेली, तरी निघताना पेटीत कोपरापर्यंत हात घालून गवत दाबायची.

माझं दुसरं वर्ष सुरू व्हायच्या सुमाराला, जूनमध्ये, बेन्नीच्या खालचा कागद लाल दिसला.

आत्या तो कागद बराच वेळ उजेडात धरून उभी होती. मग तिनं बेन्नीला मांडीवर घेतलं आणि पोटाखाली दोन बोटं घातली. बेन्नी बारीक ओरडली. ही शीळ नव्हती. "खडा हाय," आत्या म्हणाली, जसं डाळीत खडा आहे म्हणावं.

जुळे सोलापूर भागात कुत्र्या-मांजरांचा एक दवाखाना आहे. आम्ही रिक्षानं गेलो, पेटी मांडीवर घेऊन. डॉक्टर तरुण होते, शिवराज नावाचे. बाहेर बाकावर एक मोठा कुत्रा धापा टाकत बसला होता, म्हणून आत्यानं पदर पेटीवर पसरला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. काळ्या कागदावर बारीक बरगड्या आणि खाली एक पांढरा ठिपका. हरभऱ्याएवढा.

"मावशी, हिला खायला काय घालता?"

आत्यानं सांगितलं. ढबू मिरची, कोथिंबीर, पेरू.

"आणि चारा?"

"लसूण घास."

"रोज?"

"रोज."

"किती वर्षं?"

"तीस वर्षं," आत्या म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं, की हिला चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, लसूण घासात कॅल्शियम फार असतं. पिल्लांना चालतो, गाभणीला चालतो. मोठ्या गिनीपिगला रोज घातला, तर ते कॅल्शियम वर्षानुवर्षं साचत जातं आणि त्याचा मूतखडा होतो. साधं गवत घालायचं. हराळी, मारवेल, वाळलेलं, काहीही.

"तिथं कुणाला झालं न्हाय असं," आत्या म्हणाली.

"तिथं म्हणजे?"

"कामावर. तिथं लसूण घासच यायचा. दुभत्या जनावराचा चारा तो. आमी चांगलाच घालत होतो."

"तिथले किती वर्षं जगायचे?"

"दहा महिने," ती म्हणाली. "लई तर वर्ष."

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावरून काढून पाकिटात घातला. मी आत्याकडं पाहिलं. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. तीस वर्षांत शेकडो जनावरं तिच्या हाताखालून गेली होती, आणि त्यांतलं एकही तिनं म्हातारं झालेलं पाहिलं नव्हतं.

खडा काढल्याशिवाय बेन्नी वाचणार नव्हती. डॉक्टरांनी सशांची ऑपरेशनं केली होती, गिनीपिगचं नव्हतं. ते म्हणाले, पुण्याच्या माझ्या सरांना विचारून करतो, उद्या सकाळी नऊला आणा, भुलीतून उठेलच याची खात्री देत नाही. आत्यानं मान हलवली. बाहेर कंपाउंडरनं एक छापील कागद दिला आणि त्यातल्या एका ओळीखाली पेनानं रेघ मारली. संध्याकाळी सहानंतर खायला काहीही देऊ नये.

आत्यानं तो कागद चारदा घडी करून कमरेला खोचला. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "उपाशी ठेवायचंय."

घरी आल्यावर ती नेहमीच्या वेळी नेहमीची कामं करत राहिली. सहा वाजता तिनं तल्लीला वेगळ्या खोक्यात घालून आतल्या खोलीत नेलं, कारण तिला तर खायचं होतं. मग बेन्नीच्या पेटीतलं गवत काढायला लागली. आधी वरचं, मग माठाखालचं, मग कागदाच्या घडीत अडकलेल्या काड्या. एकेक काडी. पाण्याची बाटली तेवढी राहू दिली. तिचे हात भराभर चालत होते. त्या हातांना ते काम पाठ होतं. शेवटी तिनं किल्ल्यांची पुरचुंडी डब्यामागून घेतली, गाठ सोडली आणि परत बांधली, आणखी घट्ट.

मी चहा ठेवायला उठले. फ्रिजच्या दाराला हात लावणार, तोच ती म्हणाली, "उघडू नको."

त्या संध्याकाळी आम्ही बिनदुधाचा चहा प्यायलो. बेन्नी माठाखालून बाहेर आली होती. रिकाम्या कागदावर नाक लावून फिरत होती. आत्या भिंतीला टेकून बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून. मी पुस्तक उघडलं होतं, पण वाचत नव्हते. खाली कुणाच्या तरी टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. अशी पाऊण तास तरी ती बसली असेल. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं असं मी लिहिलं, तर ते खोटं होईल. कामावर असलेल्या माणसाचा चेहरा होता.

सव्वासातला सिद्धम्मा काकू दह्याची वाटी घेऊन वर आल्या. "काय, दोघी सुतकात बसल्यासारख्या? दिवा तरी लावा की." आणि बोलता बोलता त्यांनी फ्रिज उघडून वाटी आत ठेवली.

बेन्नीनं शीळ घातली.

ती आजारी होती, त्यामुळं शीळ नेहमीसारखी वर चढली नाही, मध्येच तुटली. मग तिनं जाळीला पाय लावून परत घातली.

आत्या उठली. मला म्हणाली, "डॉक्टरला फोन लाव."

मी लावला आणि स्पीकरवर टाकला. सिद्धम्मा काकू फ्रिजचं दार धरून तशाच उभ्या राहिल्या.

"साहेब, मी दाक्षायणी बोलते. गिनीपिगवाली. हिला उपाशी ठेवणार न्हाय मी."

"मावशी, ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं लागतं. भुलीत उलटी झाली, तर…"

"ह्यांना उलटी होत न्हाय. तीस वर्षांत एकाला झाली न्हाय."

आत्या फोनजवळ सरकली.

"आन् दुसरं सांगते. आमच्याकडं प्रॅक्टिकल रद्द व्हायचं कधीकधी. लाइट गेली, सर आले न्हायीत. मग उपाशी ठेवलेली जनावरं आणखी एक दिवस तशीच ऱ्हायची. नंतर मी गवत घालायची. ती खात नव्हती. गवत तोंडापुढं असून खात नव्हती. पाठ वर काढून बसायची आन् दोन दिवसांत जायची. ह्यांचं पोट एकदा थांबलं, की परत चालू होत न्हाय, साहेब. मी बघितलंय. लई बघितलंय."

"हे तुम्ही तिथल्या कुणाला सांगितलं होतं?"

"कुणी विचारलं न्हाय."

डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं थांबा. फोन ठेवला. तीस वर्षं ती सरांच्या चिठ्ठीप्रमाणे वागली होती. साहेब लोकांना 'नाही' म्हणताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं, आणि तिचा आवाज भाजीवाल्याशी बोलताना असतो, तसाच होता. सिद्धम्मा काकूंनी फ्रिज लावला. कुणी बसलं नाही.

फोन दहा मिनिटांनी आला. "मावशी, पुण्याच्या सरांशी बोललो. तुमचं बरोबर आहे. खायला द्या. सकाळी येईपर्यंत देत राहा. तो कागद कुत्र्या-मांजरांचा आहे, आमची चूक झाली."

आत्या "बरं" म्हणाली. लसूण घासाची पेंढी कोपऱ्यात होती, ती तिनं उचलली नाही. मला म्हणाली, "खालच्या नळापाशी हराळी हाय. चल."

नळाच्या ओट्याभोवती फरशीच्या फटींतून हराळी उगवते. आम्ही तिघींनी मोबाइलच्या उजेडात ती खुडली. सिद्धम्मा काकू कंबर धरून वाकल्या होत्या आणि पुटपुटत होत्या, "ह्या वयात उंदरासाठी गवत कापायला लावलंस." पण सगळ्यात मोठी मूठ त्यांचीच निघाली. आत्यानं ती हराळी धुतली, फडक्यावर घेऊन टिपली आणि पेटीत ठेवली. बेन्नीनं एक काडी ओढली. तिच्या दातांचा कटकट आवाज ऐकू आला. आत्या परत भिंतीला टेकून बसली.

खडा निघाला. डॉक्टरांनी तो एका लहान बाटलीत घालून दिला. पहिले दोन दिवस बेन्नी स्वतः खात नव्हती. आत्या वाळलं गवत कुटून, पाण्यात कालवून, सुई काढलेल्या इंजेक्शनमधून तिच्या गालात थेंब थेंब सोडायची, दर तीन तासांनी. तिसऱ्या दिवशी कागदावर अकरा लेंड्या पडल्या. आत्यानं त्या मला बोलावून दाखवल्या.

बिरुदेवानं पुढच्या आठवड्यात लसूण घासाची पेंढी पुढं केली, तेव्हा ती म्हणाली, "आता साधं गवत दे. वाळलेलं."

"का ओ अक्का? जनावर आटलं?"

"व्हय. आटलं."

मारवेलाचा भारा घेऊन ती घरी आली. खडा असलेली बाटली बटणांच्या डब्यात पडून होती. डबा उघडला, की ती खुळखुळायची. आत्यानं एक दिवस बाटलीत कापसाचा बोळा घातला. किल्ल्या पूर्वीसारख्याच रुमालात राहिल्या. मला वाटलं होतं, आता तरी सोडेल. पण जुलै गेला, दिवाळी गेली, आणि सकाळची ती गाठ चुकली नाही.

जानेवारीतल्या एका गुरुवारी ती दहा वाजता गवत आणायला गेली. वैरणीच्या अड्ड्यावर भारा डोक्यावर घेताना खाली बसली, ती उठली नाही. बिरुदेवानं तिला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. त्याच्याकडं आमचा नंबर नव्हता, पण शुक्रवार पेठ माहीत होती. म्हणून तो पत्ता विचारत आला, भारा खांद्यावर घेऊन. जिना चढून वर आला, पेटीकडं बघितलं आणि म्हणाला, "ही व्हय म्हस." मग दारातच खाली बसला. किल्ल्या त्याच्या खिशात होत्या. त्यानं त्या काढून माझ्या हातात दिल्या, नुसत्या.

वडील आले, माणसं जमली. लिंगायत रीतीनं बसवून तिला माती दिली. मला त्या दिवसाचं फारसं काही आठवत नाही. दुपारी चार वाजता मी कागद बदलला, एवढं आठवतं. तल्ली आणि बेन्नी आता अक्कलकोटला आहेत, दुकानामागच्या खोलीत. माझी आई लेंड्या बघायला शिकली आहे.

त्या गुरुवारी सकाळी मी टेबलाशी बसून टिपणं काढत होते. आत्यानं चपला घातल्या, पिशवी घेतली. जिन्यावर किल्ल्या वाजल्या, तेव्हा पेटीत दोघी खात होत्या. त्यांनी कान टवकारले नाहीत. मीही मान वर केली नव्हती. त्याच्या आधी, दार ओढून घेताना, ती म्हणाली होती, "रुमाल बादलीत भिजत घातलाय गं, तेवढा पिळून टाक. किल्ल्या आज तशाच नेते."